चाळीस मिनिटांचा होकार

गेंड्याच्या आवाजासाठी माझी निवड झाली नाही. कार्टून लहान मुलांचं होतं, गेंडा स्वभावानं लाजाळू होता, तरीही दिग्दर्शक म्हणाला, "अजिंक्य, तुझ्यापेक्षा गेंडा स्पष्ट बोलतो रे. तुझं वाक्य ओठांतून निघतं आणि माईकच्या अलीकडेच बसकण मारतं."

माईक माझ्यापासून एक वीत लांब होता.

सांगोल्याहून पुण्यात येऊन मला आठ महिने झाले होते. आवाजाचं काम करायचं होतं, आणि त्यासाठी मी इतिहासातली सगळ्यात चुकीची वेळ निवडली होती. नायक, खलनायक, जाहिरातीतली समजूतदार आई हे सगळे आवाज तोवर यंत्रं काढायला लागली होती. माणसांच्या वाट्याला खोकला, उचकी आणि किरकोळ जनावरं उरली होती. त्यातलंही एक जनावर हातचं गेलं म्हटल्यावर मी गद्रे मॅडमकडे शिकवणी लावली.

गद्रे मॅडमनी रेडिओवर तीस वर्षं बातम्या वाचल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला फरशीवर उताणं झोपवलं, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला आणि म्हणाल्या, "हा वर-खाली झाला पाहिजे. छाती हलली तर घरी जायचं."

दोन आठवडे मी शब्दकोश हलवला. मग दात मिटून लांबलचक स्‌ काढत चाळीस आकडे मोजले. पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढले. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटायचं, मॅडमकडे कुणीतरी हळूहळू बुडतंय.

"ओरडणं म्हणजे आवाजाची फेक नव्हे," मॅडम सांगायच्या. "गळ्यात दोन पडदे असतात. फुप्फुसातली हवा त्यांना थरथरवते. हवेचा दाब वाढवलास की आवाज मोठा होतो, पण पडदे सोलवटतात. खरी गंमत पडद्यांच्या वर आहे. घसा, जीभ, टाळू यांची पोकळी नीट जमली की सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास आवाजाला धार येते. माणसाचा कान नेमका तिथंच सगळ्यात तिखट असतो. मग तू पुटपुटलास तरी शेवटच्या रांगेतला माणूस मान वर करतो."

सहा महिन्यांनी मी पुटपुटलो. मॅडमनी मान वर केली नाही. त्या डुलकी काढत होत्या.

"तुझ्याच्यानं हे असं व्हायचं नाही," जाग आल्यावर त्या म्हणाल्या. "एका रुग्णालयात संमतिवाचक घेताहेत. ते पट्टी देतात. पट्टीनं दगडही बोलेल."

संमतिवाचक हे काम नवीन होतं. पूर्वी शस्त्रक्रियेआधीचा संमतिअर्ज रुग्णाला यंत्र वाचून दाखवायचं. यंत्र इतकं गोड वाचायचं, की दाढ काढायला आलेल्या एका गृहस्थांनी दोन्ही गुडघे बदलायला संमती दिली. गुडघे बदलले गेले. दाढ राहिली. मग आरडाओरड झाली आणि कायदा आला, की अर्ज जिवंत माणसानंच वाचला पाहिजे. माणूस अडखळतो, कंटाळतो, त्याच्या बोलण्याला कुणी फारसं भुलत नाही, म्हणून तो सुरक्षित, असा हिशेब होता. कायद्यात माणूस हवा असं लिहिलं होतं. माणसाच्या गळ्यात काय बांधावं याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

पट्टी म्हणजे कॉलरखाली झाकली जाणारी, बोटभर रुंदीची रबरी फीत. तिच्या दोन चकत्या बरगड्यांवर चिकटवायच्या. स्नायू हलण्याआधी त्यातून बारीकशी वीज धावते. पट्टी ती वाचायची, आणि पुढचा शब्द घसरणार असं दिसलं की उलटा एक झटका देऊन स्नायूला सावरायची. मुंगी चावल्यासारखं वाटायचं. पहिल्याच दिवशी माझा आवाज इतका भरदार निघाला, की मी मागे वळून कोण बोललं ते पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ती नुसती शिकवणी ठरली असती. पण पट्टी रुग्णाच्या मॉनिटरलाही जोडलेली असायची. खाटेवरच्या माणसाची नाडी, श्वास, तळहाताचा घाम, सगळं तिला कळायचं. ऐकणाऱ्याचा श्वास नकळत बोलणाऱ्याच्या श्वासामागे चालतो. बोलणाऱ्यानं उच्छ्वास लांबवला की ऐकणाऱ्याचाही लांबतो, आणि मग मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा एक लांब मज्जातंतू हृदयाला सबुरीचा निरोप देतो. अंगाई म्हणणाऱ्या प्रत्येक आईला हे जमतं, फक्त तिला अंदाजानं जमतं. पट्टी प्रत्येक शब्दागणिक मोजायची, माझा सूर केसभर वर किंवा खाली सरकवायची आणि त्या विशिष्ट माणसाचं कुलूप उघडेपर्यंत किल्ल्या बदलत राहायची. कुलूप उघडलं की माणूस शांत व्हायचा. शांत माणूस सही करतो.

परिणाम साधारण चाळीस मिनिटं टिकतो, असं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलं होतं. सहीला दोन मिनिटं लागतात.

स्टुडिओत शिकलेली एक सवय इथं माझ्या फार कामी आली. माईकसमोर उभं राहिलं की समोर कोण आहे ते बघायचं नाही, मीटरचा काटा बघायचा. मी मॉनिटरकडे बघत वाचायचो. माणसं वेगवेगळी असायची, आकडे सगळ्यांचे सारखेच उतरायचे. शेवटी सगळे एकाच सुरात म्हणायचे, "बरं केलंत सांगितलंत." शंभरातले सत्त्याण्णव जण सही करायचे. उरलेल्या तिघांत बहुधा एक बहिरा असायचा. वर्षाच्या आत मी मुख्य वाचक झालो. भिंतीवर माझा फोटो लागला. त्यात मी समजूतदार आईसारखा दिसत होतो.

मग एके दिवशी मी पट्टी घरी ठेवून रिक्षा ठरवली. रिक्षावाला आधी नाही म्हणाला. मी म्हणालो, "अहो, जवळच जायचंय." त्याचे खांदे खाली आले, त्यानं निःश्वास सोडला आणि तो मला पोहोचवून, परत फिरायच्या ऐवजी दहा मिनिटं प्रसन्न चेहऱ्यानं तिथंच उभा राहिला.

स्नायू शिकले होते. मला आता पट्टी लागत नव्हती, मॉनिटरही लागत नव्हता. समोरच्याचा श्वास ऐकू आला की गळा आपोआप किल्ल्या फिरवायला लागायचा. मी गद्रे मॅडमना विचारलं, "हे विसरायचं कसं?"

"पोहणं विसरता येतं का?" त्या म्हणाल्या, आणि लगेच शांत झाल्या. मी प्रश्न विचारला होता ना.

सगळ्यात आधी हे माझ्या ताईच्या लक्षात आलं. तिचं सासर सांगोल्यातच आहे, आमच्या अण्णांच्या घरापासून चार घरं सोडून. अण्णा, म्हणजे वडील, एकटे राहतात, आणि त्यांचं सगळं तीच बघते. फोनवर ती माझ्याशी भांडायला लागायची, दोन मिनिटांत माझं पटायचं, ती फोन ठेवायची, आणि बरोबर चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन यायचा.

"अज्या, मी व्हय कशाला म्हणलं मघाशी?"

"कारण तुला पटलं, ताई."

"व्हय. पटलंच की," ती म्हणायची. आणि पुन्हा चाळीस मिनिटांनी फोन.

एका दुपारी असे पाच फोन झाले. सहाव्यांदा फोन आला नाही, मेसेज आला. "यापुढं बोलू नकोस. काय असंल ते लिहून पाठीव." तेव्हापासून आमची सगळी भांडणं लेखी झाली. त्यांत ती जिंकायला लागली.

अण्णांना वाचायचा कंटाळा, त्यामुळे त्यांच्याशी मी फोनवरच बोलायचो. अण्णा बैलबाजारात दलाल होते. पंचेचाळीस वर्षं खिलार बैलांचे सौदे जुळवले. साखर वाढली होती, पायाला जखम होती, म्हणून एका रविवारी मी त्यांना म्हणालो की आता बाजार सोडा. ते "बरं" म्हणाले आणि लगेच जाऊन जोडीदाराला तसं सांगून आले. राग यायच्या आधीच शब्द देऊन बसले. बाजारात दिलेला शब्द परत घेत नाहीत.

"तुझा फोन आला आणि मी बाजार सोडला," नंतर ते ताईला म्हणाले. "कशापायी सोडला ते मला अजून कळलं न्हाई."

बाजार सुटल्यावर अण्णा खाटेवर बसून राहिले. जखम काळी पडली. चार महिन्यांनी ताई त्यांना घेऊन पुण्याला आली, माझ्याच रुग्णालयात.

डॉक्टर तांबोळी माझ्याशी नेहमी दोन हात लांबूनच बोलायच्या. त्या दिवशीही लांबूनच म्हणाल्या, "पाय गुडघ्याच्या वर काढावा लागेल. या वयात, या साखरेत, दहातले सहा वाचतात. नाही काढला तर दोन-तीन आठवडे. आणि ऐक, आपल्या नातेवाइकाचा अर्ज आपण वाचायचा नाही. नियम आहे. अर्ज दुसरा वाचक वाचेल. तू मुलगा म्हणून भेट."

दुसऱ्या वाचकानं अर्ज वाचला. अण्णांनी त्याच्या तोंडावर उशी मारली.

"तीन पायाचा बैल कोण बाजारात हुबा करतं का रं?" ते ओरडले. "दोन पायांवर आलोय, दोन पायांवर जाईन."

ताई दारात उभी होती. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी तोंडानं बोलली. कानांवर दोन्ही हात ठेवून, पण बोलली. "अज्या, तूच सांग त्यास्नी. तुझ्या त्या आवाजानं सांग."

मी मान हलवली. आत गेलो. अण्णांनी मला बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

"तोंडानं न्हाई," ते म्हणाले. "टावेल घे."

बैलबाजारात सौदा बोलून करत नाहीत. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून दलाल मालकाचा हात आपल्या हातात घेतो, वर टॉवेल टाकतो, आणि बोटं दाबून आकडा सांगतो. एक बोट दाबलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. मालक उलट बोटं दाबतो. वर दोघं बैलाबद्दल इकडचं तिकडचं बोलत असतात, खाली घासाघीस चाललेली असते. पटलं तर हात घट्ट दाबायचा. नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. हात काढला की सौदा मोडला. मग त्या दिवशी त्या जनावराबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. या नियमासाठी बाजारात डोकी फुटलेली आहेत.

मी लहानपणी हे शिकलो होतो. खाटेच्या कडेला बसलो आणि आमच्या हातांवर रुग्णालयाचा पांढरा टॉवेल टाकला.

अण्णांनी आधी माझ्या दहाही बोटांवरून अंगठा फिरवला. दहातले किती?

मी त्यांचा पंजा धरला, मग एक बोट. सहा.

ते छताकडे बघत म्हणाले, "हितलं जेवण लई आळणी हाय." खाली त्यांनी माझी बोटं एकेक करून धरली आणि सोडली. मला कळलं, पुढचं विचारताहेत. पुढं किती वर्षं?

मला माहीत नव्हतं. मी दोन बोटं दाबली. मग लाज वाटून तिसरंही दाबलं.

अण्णा हसले. सौद्यात बैलाचा मालक उगाच भाव वाढवतो तेव्हा हसायचे तसं. माझी तर्जनी त्यांनी मुठीत धरून ठेवली. त्यांच्या हाताचा तळवा खरखरीत आणि गरम होता. त्यात मला एकही मीटर दिसत नव्हतं, आणि आजवरच्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघं इतकं नीट बोललो नव्हतो.

मग त्यांनी हात काढून घेतला.

टॉवेल सपाट झाला. अण्णांनी त्याची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी मला जायची खूण केली. त्यांचं सांगून झालं होतं.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. दारात ताई होती, तिचा चेहरा रडून सुजलेला होता. मला वाटलं, दहातले सहा. मला वाटलं, सहा म्हणजे पुष्कळ झाले. मी मागे वळलो, मॉनिटर कुठल्या कोनात आहे ते पाहिलं, आणि बोललो.

काय बोललो ते सांगण्यात अर्थ नाही. शब्द कोणतेही चालतात. मी आकड्यांकडे बघत होतो. नाडी एकशे दहावरून अठ्ठ्याऐंशीवर आली, मग ऐंशी, मग चौऱ्याहत्तर. पडद्यावरचा श्वास लांबला. इतकी सुरेख फेक माझ्या आयुष्यात कधी जमली नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला झाडू मारणाऱ्या मावशी झाडू टेकवून शांतपणे उभ्या राहिल्या.

"बरं केलंस सांगितलंस," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा पन्नासला त्यांना राग आला असता. अकरा चाळीसला त्यांना भूल दिली. ही वेळ मीच ठरवून घेतली होती. मुख्य वाचकाला तेवढे अधिकार असतात.

अण्णा वाचले. दहातल्या सहांमध्ये ते बसले. महिन्याभरानं त्यांना सांगोल्याला नेलं. ताईनं मला एक मेसेज पाठवला, तोही आभाराचा नव्हता. "तू बोलत होतास तवा अण्णा त्या पायावरनं हात फिरवत होते. इकलेल्या बैलाच्या पाठीवरनं मालक फिरवतो तसा. तू बघितलं न्हाईस. तू त्या टीव्हीकडं बघत होतास."

मी उत्तर लिहिलं आणि खोडलं. असं बऱ्याचदा झालं. शेवटी एका शनिवारी दुपारी मी सांगोल्याला गेलो.

अण्णा पडवीत खाटेवर बसले होते. लुंगीची एक बाजू सपाट होती. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, बहुतेक कुणी वापरल्या नसाव्यात. ताई ज्वारी निवडत होती.

"आलास व्हय," अण्णा म्हणाले. "बस. एक इचारायचं हाय. लई दिवस डोस्क्यात घोळतंय." त्यांनी मांडीच्या उरलेल्या भागावर हात ठेवला. "मी टावेलाखालनं हात काढला, हे मला नीट याद हाय. मग सही मी कशी केली? माझं मत फिरलं, का तू फिरवलं?"

मी कागद-पेन घेऊन आलो होतो. खिशातून काढलंही. अण्णांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. "बापाला अर्ज देतो व्हय? तोंडानं सांग."

मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. लगेच सांगितलं. "तुमचं मत फिरलं नव्हतं, अण्णा. तुम्ही नाहीच म्हणाला होतात. सौदा मोडल्यावर मी बोललो. मी मुद्दाम केलं. वेळ पण मीच ठरवली, तुम्हाला राग यायच्या आत भूल मिळावी म्हणून."

जितकं वाईट बोलता येईल तितकं बोलायचा प्रयत्न केला. नाकातून बोललो. शब्द चावले. मध्येच खोकलो. पण गळ्याला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि गळा त्याचं काम चोख करत होता. एकेका वाक्यासरशी अण्णांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. ताईचा सुपावरचा हात थांबला. शेवटच्या वाक्याला दोघांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला, जो मी हजारो माणसांच्या चेहऱ्यावर आणला होता.

"आसू दे," अण्णा म्हणाले. "चांगल्यासाठीच केलंस की."

"च्या टाकू का रं?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग शोधून सापडत नव्हता.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. पुण्याची गाडी साडेतीनला होती. स्टँड पाच मिनिटांवर. आत्ता उठलो असतो, तर दोघांनी मला हसून निरोप दिला असता, आणि चाळीस मिनिटं पुरी होताना मी पंढरपूरच्या रस्त्याला लागलेला असतो.

मी चहा घेतला. कप खाली ठेवला. गाडीचा हॉर्न लांबून ऐकू आला आणि गेला. अण्णा मला एका खोंडाची गोष्ट सांगत होते, जो दोनदा विकला गेला आणि दोनदा चालत घरी परत आला. ताई हसत होती. मी मान हलवत होतो, आणि दात घट्ट मिटून बसलो होतो.

चार वाजायच्या आधी पाच मिनिटं अण्णांची गोष्ट मध्येच थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मांडीकडे. त्यांचा श्वास आखूड झाला, मानेची शीर वर आली. सूप जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"मोडलेला सौदा," अण्णा म्हणाले. सुरुवातीला हळू. "मोडलेला सौदा पुरा केलास? भाड्या, माझा पाय इकलास? मला न इचारता?"

"मी सांगितलं म्हणून बोललास तू?" ताई किंचाळली. "मी येडी झालते रडून रडून! माझं ऐकायची काय गरज होती तुला? आता जन्मभर ह्यांच्या तोंडाकडं मी कसं बघू?"

अण्णांनी भिंतीजवळची कुबडी उचलून फेकली. ती मला लागली नाही. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जिथं पाय नव्हता तिथं भार टाकला आणि खाटेच्या कडेवर आदळले. मी धरायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला. आणि ते ओरडायला लागले. शेजारची दारं उघडली. गल्लीच्या तोंडाशी सायकली थांबल्या. माझ्या आजीपासून माझ्या न झालेल्या मुलांपर्यंत कुणालाही त्यांनी सोडलं नाही. मध्येच त्यांचा आवाज फाटला, ते रडले, आणि तसंच रडत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर मान खाली घालून बसून राहिलो. त्यांना थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं.